हेलन केलरचा बीजगणिताचा पेपर

हेलन केलर, दिसतही नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं अशी ती अमेरिकन मुलगी, म्हटलं की सगळ्यांना हातपंप आठवतो. 1887 चा एप्रिल, एका हातावर पडणारं पाणी आणि दुसऱ्या तळहातावर बोटांनी अक्षरं काढणाऱ्या तिच्या शिक्षिका ॲन सलिव्हन बाई. शाळेतल्या भाषणांत तिची गोष्ट तिथेच संपायची. तिचं आत्मचरित्र 'द स्टोरी ऑफ माय लाइफ' मी यंदाच्या पावसाळ्यात पहिल्यांदा पूर्ण वाचलं, आणि माझी झोप उडवली ती 1899 च्या जूनमधल्या परीक्षेनं.

रॅडक्लिफ कॉलेजची प्रवेशपरीक्षा. सलिव्हन बाईंनी हेलनला प्रश्न वाचून दाखवायला कॉलेजनं मनाई केली. दुसऱ्या एका शिक्षकांनी पेपर अमेरिकन ब्रेलमध्ये, म्हणजे बोटांनी वाचायच्या ठिपक्यांच्या लिपीत, उतरवून द्यायचं ठरलं. भाषांचे पेपर निभावले. पण बीजगणित ती इंग्लिश ब्रेलमधून शिकलेली, आणि दोन्हींची गणिती चिन्हं वेगवेगळी! हे तिला कळलं परीक्षेच्या दोन दिवस आधी. आदल्या रात्री साधा कंस, महिरपी कंस आणि वर्गमुळाचं चिन्ह यांची गुंतागुंत तिला सुटत नव्हती. टंकयंत्रावर स्वतः लिहिलेलं उत्तर तिला परत वाचताही येत नव्हतं. तरी ती पास झाली.

ही पानं मला इतकी लागली, कारण मीही एकदा लेखनिक होते, परीक्षेत दुसऱ्यानं सांगितलेली उत्तरं लिहून देणारी.

नववीत असताना आमच्या सांगलीच्या गावभागातल्या एका ताईची दहावी होती. ताईला जन्मापासून दिसत नाही. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो, म्हणून तिच्या आईनं माझ्या आईला विचारलं. पेपर मिरजेला. आम्ही दोघी सिटी बसनं जायचो, आणि विश्रामबाग येईपर्यंत ती मला उत्तरं म्हणून दाखवायची. वर्षभर कुणीकुणी वाचून दाखवलेलं सगळं तिच्या डोक्यात होतं. ब्रेलमधली पुस्तकं हाती आली तीही उशिराच.

इतिहासाच्या पेपरला 'स्थिती' लिहिताना तिनं हळूच सांगितलं, "आधी पहिली वेलांटी, मग दुसरी." मी थक्क झाले. ब्रेलमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ही दोन वेगळी अक्षरं असतात, ती बोटांनी वाचून तिला शब्द पाठ होते. नवा परिच्छेद कुठे, अधोरेखन कशाखाली, सगळं ती सांगायची. निकालानंतर गल्लीत जो तो तिची जिद्द, जिद्द म्हणत होता. जिद्द होतीच. पण तिचा अभ्यास किती नेमका होता, हे कुणी बोललंच नाही, आणि तेव्हा मला त्याचा फार राग आला होता.

हेलननं ते पान लिहिलं तेव्हा ती विशीच्या सुरुवातीला होती आणि त्याच कॉलेजात शिकत होती. पुस्तक 1903 साली आलं, ती पदवीधर झाली 1904 ला. मी कुणाला दोष देत नाही, असं ती म्हणते. पण काय काय घडलं ते एकूण एक मांडते. कॉलेजला आपण तिची वाट किती अवघड करतोय याची कल्पना नव्हती, हेही लिहिते. आपल्याच कॉलेजबद्दल असं छापून आणायचं धैर्य मला पंपापेक्षा मोठं वाटतं.

परवा फोनवर ताईला ही पानं वाचून दाखवली. ती म्हणाली, "बीजगणिताचं सोड गं. अनोळखी माणसाच्या हाती पेपर दिला, ते वाईट." मग तिनं नोकरीच्या एका परीक्षेचं सांगितलं. लेखनिक आयत्या वेळी दारात भेटला. त्याला इंग्रजी प्रश्न धड वाचता येईना. आधी त्याचं वाचन दुरुस्त करायचं, मग उत्तर सांगायचं. तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, ती सगळी त्यातच गेली.