आमची वाटचाल: काँक्रीट सोपं, चिखल अवघड

सिंधुदुर्गात विहिरीची कडी आणि मोरीचे पाइप ओतणं हा आमचा मूळ धंदा. माशांना आसरा म्हणून समुद्रतळावर काँक्रीटचे ठोकळे ठेवायचं, म्हणजे कृत्रिम भित्तींचं काम आलं ते त्या कड्यांमुळेच. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या कृत्रिम भित्तींत त्रिकोणी ठोकळ्यांबरोबर विहिरीचं कडंही असतं. ‘प्रवाळभित्ती’ हा शब्द बिलात शोभतो, पण आपल्या गढूळ पाण्यात ठोकळ्यावर आधी बसतात बार्नॅकल (खडकाला चिकटणारे कवचधारी जीव) आणि कालवं. गिऱ्हाइकाला प्रवाळाचं आश्वासन आम्ही देत नाही.

सुरुवातीचे ठोकळे चौपायी होते आणि ते रुतले. हिशेब साधा आहे. काँक्रीटचं वजन समुद्राच्या पाण्यात जवळपास ५७ टक्केच उरतं, म्हणजे एक टनाचा ठोकळा तळाला ५७० किलोंनी दाबतो. १५ सेंमीच्या चार चौकोनी पायांवर हा भार चौरस मीटरला सहा टनांच्या वर जातो, १.२ मीटर चौरस तळपाटीवर (ठोकळ्याखालच्या सपाट पाटीवर) तोच ४०० किलोंच्या आत येतो. आता जागा ठरवताना पाणबुड्या १२ मिमीची सळई हाताने दाबतो. अर्ध्या मीटरहून जास्त गेली, तर ती जागा रद्द. खोली आठ-दहा वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) तरी हवी, नाहीतर पावसाळी लाटा ठोकळ्याखालची वाळू उकरतात.

काँक्रीट एम-३५ ताकदीचं, स्लॅग (लोखंडाच्या भट्टीची मळी) मिसळलेल्या सिमेंटचं, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४०. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे समुद्राच्या पाण्यात आरसीसीला (सळईच्या काँक्रीटला) किमान एम-३० लागतंच. सळईवर ५० मिमी काँक्रीटचं कव्हर. क्युरिंग गोड्या पाण्याचंच, खाऱ्याने सळई आतून गंजते. साच्याला ऑइलऐवजी साखरेचं दाट पाणी लावतो: वरचा थर आळत नाही, दुसऱ्या दिवशी पाण्याच्या फवाऱ्याने धुतला की खडी उघडी पडते आणि कालवांच्या पिलांना बसायला खरबरीत जागा मिळते. भोकं १० ते ३० सेंमी, पण आरपार. बंद भोकात वर्षभरात गाळ भरतो. भोकं पाडायला पत्र्याच्या नळ्या घालून चार-पाच तासांनी फिरवून काढतो. पीव्हीसी आत ठेवत नाही. उचलायचा लोखंडी हुकही बंद केला. तो गंजून फुगतो आणि ठोकळा तिथूनच तडकतो. आता क्रेनचा पट्टा भोकातूनच ओवतो.

ठोकळ्यांऐवजी जुने टायर टाका, फुकट देतो म्हणणारे अजून भेटतात. फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलजवळ १९७०च्या दशकात सुमारे २० लाख टायर टाकले होते. बांधलेल्या पट्ट्या तुटल्या आणि टायर शेजारच्या खऱ्या प्रवाळांवर आपटत राहिले.

ठोकळे उतरवायचे ते पावसाळ्यानंतर, भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत, ओढ कमी असताना. बार्जवरून ढकलायचे नाहीत. क्रेनने तळापर्यंत सोडून मगच पट्टा मोकळा करायचा. उधाणात घाई केली की ठोकळा लोंबकळतो, कोपरा आधी टेकतो आणि तळपाटी फुटते. सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) मंजुरी आधी लागते, आणि नंतर जागेचे निर्देशांक डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाला कळवावेत, म्हणजे नकाशावर नोंद होते.

गोबरा, तांबोशी जमू लागले की पहिल्यांदा जाळी येतात. ठोकळ्यांत ट्रॉल (तळावरून ओढायचं जाळं) अडकून फाटतं हे खरं, पण गळवाले आडोशातला मासा आठवड्यात उपसू शकतात. मच्छीमार सोसायटीने न पकडण्याची हद्द ठरवल्याशिवाय आम्ही साचा लावत नाही. नाहीतर ते माशांचं सापळ्याचं दुकान होतं.

पहिल्या पावसाळ्यानंतर दर दहाव्या ठोकळ्याची चिखलावरची उंची मोजतो. ती तळपाटीच्या जाडीपेक्षा जास्त घटली असेल, तर त्या जागेची पुढची ऑर्डर घेत नाही.