आमची वाटचाल: चालत्या घराची आवृत्ती बदलताना

होम ऑटोमेशन बसवून देणारे आज गल्लोगल्ली सापडतील. पण तीन-चार वर्षं नीट चाललेल्या घरावर नवी आवृत्ती चढवायची, आणि सकाळी उठल्यावर घरच्यांना काही बदलल्याचं जाणवूही द्यायचं नाही, हे काम अंगावर घेणारे फार थोडे. आमची फर्म त्या थोड्यांपैकी आहे. हे मी अभिमानानं लिहितोय, आणि ज्यांनी आम्हाला ‘जुन्या सिस्टिमवाले’ म्हणून हिणवलं त्यांनीही वाचावं म्हणून लिहितोय.

सुरुवात ओपनहॅब १ च्या काळातली. ओपनहॅब म्हणजे घरातले दिवे, पंप, एसी एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर. काय क्रॉयत्सर यांनी २०१० मध्ये सुरू केलेला हा मुक्त स्रोत प्रकल्प तेव्हा हौशी लोकांपुरताच होता. सगळं घर टेक्स्ट फाइलींत लिहायचं. आयटम्सची (दिवा, पंप, पातळी अशा एकेका गोष्टीच्या नोंदीची) एक फाइल, रूल्सची (कधी काय करायचं त्याची) दुसरी, साइटमॅपची (स्क्रीनवर काय दिसायचं त्याची) तिसरी. मी प्रोग्रामिंगमधून आलेला. माझा भागीदार पॅनल बोर्डाच्या कामातला, डिन रेलवर कॉन्टॅक्टर आणि एमसीबी बसवत मोठा झालेला माणूस. ओपनहॅब ज्या भाषेत लिहिलंय ती जावा म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं, पण पहिल्याच घरात त्यानं मला एक अट घातली. सर्व्हर मेला तरी भिंतीवरचं बटण दाबल्यावर दिवा लागलाच पाहिजे. प्रत्येक रिले मॉड्यूलच्या (दिवा चालू-बंद करणाऱ्या उपकरणाच्या) स्विच इनपुटला भिंतीवरच्या बटणाची वायर गेलीच पाहिजे. वायर वाचवायची नाही. मी वाद घातला नाही आणि ते बरंच झालं, कारण पुढे फर्म तगली ती या अटीवर.

जानेवारी २०१७ मध्ये ओपनहॅब २ आलं. थिंग (उपकरण) आणि चॅनल (त्या उपकरणाचं एकेक काम) ही नवी मांडणी आली, ब्राउझरमधून सेटिंग करायला पेपर यूआय आला. त्यानंतरची वर्षं कामाची गेली, घरं वाढली, माणसं वाढली. त्याबद्दल लिहिण्यासारखं विशेष नाही.

लिहिण्यासारखं घडलं ते डिसेंबर २०२० पासून. त्या महिन्यात ओपनहॅब ३ आलं. या धंद्यातल्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको, तरी सांगतो. ओपनहॅब २ मध्ये १ च्या जमान्यातले बाइंडिंग (उपकरणांशी बोलणारे जोड-प्रोग्राम) चालवायची सोय होती, ती ३ मध्ये काढून टाकली. आमच्या बहुतेक घरांत एमक्यूटीटीचं (उपकरणांनी छोटे मेसेज पाठवायच्या पद्धतीचं) जुनं बाइंडिंग होतं. आयटमच्या ओळीतच महिरपी कंसात ब्रोकरचं (मेसेज इकडून तिकडे पोचवणाऱ्या प्रोग्रामचं) नाव आणि टॉपिक (मेसेजचा पत्ता) लिहायचा, झालं काम. ३ मध्ये ती ओळ निरर्थक ठरते. ब्रोकरची थिंग, उपकरणाची थिंग, तिचा चॅनल, मग त्याला आयटम जोडायचा, असं घरातल्या एकेका दिव्यासाठी नव्यानं करावं लागतं. शिवाय रूल्समधली वेळेची जुनी लायब्ररी जाऊन जावाची स्वतःची आली. ‘गेट अवर ऑफ डे’ असं जिथं जिथं लिहिलं होतं तिथं आता नुसतं ‘गेट अवर’ लागतं. रूल लोड होतो, दिवसभर गप्प बसतो, आणि रात्री बाथरूमकडे जाणाऱ्या माणसासाठी मंद दिवा लागायच्या वेळी लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदींच्या फाइलीत) लाल ओळ टाकून मरतो. हे बदल योग्यच होते, करायलाच हवे होते. फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो. आम्ही सर्व ग्राहकांना कळवलं की घाई करणार नाही, एकेक घर घेऊ, ३.१ येऊ देऊ.

इथं तो मुलगा आला. नाव लिहीत नाही, धंद्यातल्यांना कळेल. आमच्याकडेच शिकला. क्रिम्पिंग टूल कसं धरायचं इथपासून भागीदारानं त्याला शिकवलं. बाहेर पडून स्वतःची फर्म काढली, त्याबद्दल तक्रार नाही, प्रत्येकानं मोठं व्हावं. पण जाताना आमच्या ग्राहकांची यादी घेऊन गेला. घरोघरी फोन करून सांगू लागला की यांची आवृत्ती जुनी आहे, धोक्याची आहे, मी तासाभरात नवी टाकून देतो. लोकांना तासाभरात हे शब्द आवडतात. एका मोठ्या गृहप्रकल्पातली आमची घरंच्या घरं त्याच्याकडे गेली. देखभालीचा करार आमच्याकडून काढून त्याला दिला गेला.

त्यानं काय केलं ते नीट सांगतो, कारण आजही लोक हेच करतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये डेबियन ११ ही ऑपरेटिंग सिस्टिम आली होती. त्यानं एकाच बैठकीत ऑपरेटिंग सिस्टिम बदलली आणि ओपनहॅब २.५ वरून ३ वर उडी मारली. डेबियन ११ सोबत मॉस्किटो ब्रोकरची २.० आवृत्ती येते. या आवृत्तीचा नियम असा की लिसनर (जोडण्या कुठून स्वीकारायच्या ते सांगणारी ओळ) स्पष्ट लिहिला नसेल, तर ब्रोकर फक्त त्याच मशीनवरच्या प्रोग्रामशी बोलतो. बाहेरून येणाऱ्याला दार बंद. लॉगमध्ये तो सरळ लिहितो, ‘लोकल ओन्ली मोड’मध्ये सुरू होतोय म्हणून. पण ती ओळ वाचणार कोण? मशीनवरच बसून चाचणी घेतली की मेसेज जातो, येतो, सगळं हिरवं दिसतं. पेटीचं झाकण लावून मुलगा पुढच्या घरी. इकडे घरातली सगळी वायफाय मॉड्यूल्स दार ठोठावत बसलेली. आणि ब्रोकरनं दार उघडलं असतं तरी ओपनहॅबमध्ये जुनं बाइंडिंग उरलंच नव्हतं. सगळे आयटम ‘नल’, म्हणजे रिकामे.

फोन आम्हाला आले. पॅनलच्या झाकणावर स्टिकर आमचा होता. बिल त्याचं, शिव्या आम्हाला. गेट उघडत नाही, पंप चालू होत नाही, एसी वेळेवर बंद होत नाही. आमच्या वायरिंगला ज्यांनी हात लावू दिला नव्हता त्यांच्या घरात दिवे भिंतीवरच्या बटणांवर लागत होते. ज्यांच्याकडे त्यानं बटणं काढून वायफायचे टच पॅनल लावले होते, ती घरं अंधारात होती. हा फरक मी त्या वेळी प्रकल्पाच्या कार्यालयात जाऊन समोर दाखवला. कोणी ऐकून घेतलं नाही. ‘तुमचीच सिस्टिम ना?’ एवढंच ऐकू आलं.

त्यात त्यानं सिस्टिम ज्यांवर असते ती जुनी मेमरी कार्डंच पुसून त्यांवर नवी आवृत्ती टाकली होती. मागे फिरायचा रस्ता बंद. आमच्या कपाटात प्रत्येक घराची बॅकअप झिप होती, पण ग्राहक आम्हाला सोडून गेला त्या दिवसापर्यंतचीच. भागीदार आणि मी घरं वाटून घेतली. आधी ब्रोकरला लिसनर आणि पासवर्ड, मग प्रत्येक मॉड्यूलमध्ये तो पासवर्ड, मग थिंग्ज, मग रूल्स. पैसे मागितले नाहीत, मागितले असते तरी कोणी दिले नसते. तोवर बाजारात बोललं जात होतं की आमच्या घरांच्या सिस्टिम बंद पडल्या. ज्या आर्किटेक्टकडून वर्षानुवर्षं काम येत होतं त्यांनी फोन घेणं बंद केलं. गृहप्रकल्पानं आमचं आधीचं देणं अडवून धरलं. दोन चांगल्या मुलांना दुसरीकडे काम बघा म्हणावं लागलं. कार्यालयाची जागा सोडली आणि भागीदाराच्या पॅनलच्या वर्कशॉपमध्ये एक टेबल टाकलं. तो म्हणाला, “बंद करायचं असेल तर आत्ताच सांग, पण निम्मी घरं दुरुस्त करून बंद करायचं नाही.” मग आम्ही सगळी दुरुस्त केली. तोपर्यंत बंद करण्याचा विचार मागे पडला होता.

त्या काळात एक ग्राहक हलला नाही. निवृत्त शिक्षक, भौतिकशास्त्राचे. आम्ही त्यांना सर म्हणतो. सरांकडे एक लांबट वही आहे. प्रत्येक उपकरणाला एक पान. डाव्या बाजूला काय व्हायला हवं, उजव्या बाजूला काय झालं आणि तारीख. ‘जिना, संध्याकाळ, वर चढताना दिवा लागतो, खाली उतरताना उशिरा लागतो’ अशा नोंदी. तो मुलगा सरांकडेही गेला होता. सरांनी त्याला चहा दिला आणि विचारलं, “अपग्रेडनंतर काय काय तपासणार, ते लिहून आणलंय का?” त्यानं मोबाइल पुढे केला. सरांनी त्याला दारापर्यंत सोडलं आणि मला फोन केला, “तुम्ही याल तेव्हाच करू.” ओपनहॅब ३ वर गेलेलं आमचं पहिलं घर सरांचं. तेव्हापासून प्रत्येक घराची अशी वही आम्ही स्वतः तयार करतो आणि पान न् पान तपासल्याशिवाय सही घेत नाही.

वहीचा उपयोग काय, याचं एक उदाहरण. जुलै २०२३ मध्ये ओपनहॅब ४ आलं. जावा १७ लागायला लागली, आणि एककांची व्यवस्था बदलली. लांबी मोजणाऱ्या आयटमला एकक वेगळं नेमून दिलं नसेल तर ते आता मीटर धरलं जातं. आयटम यूआयमधून बनवले असतील तर अपग्रेडचं साधन जुनं एकक आपोआप उचलतं. फाइलीत लिहिलेल्या आयटमना ते हातानं द्यावं लागतं. आता टाकीच्या पातळीचा आयटम घ्या. स्क्रीनवर सेंटिमीटर दिसतात, आणि रूल म्हणतो पातळीचा आकडा ३० पेक्षा कमी झाला की पंप लावा. नव्या आवृत्तीत तोच आकडा मीटरमध्ये येतो, दीड किंवा दोन. तीसपेक्षा तो कायमच कमी! पंप लागतो आणि बंद होण्याचं नाव घेत नाही. लॉगमध्ये एकही लाल ओळ नाही, कारण चूक अशी काही झालेलीच नसते. सरांच्या वहीत ‘पंप: भरल्यावर बंद’ असं पान आहे, म्हणून आम्ही टाकी भरेपर्यंत थांबायचं ठरवून आधीच आयटमची फाइल उघडली, आणि ही गोष्ट पंप लावायच्या आतच हाती लागली. बाकीच्या घरांत जाण्यापूर्वी सगळ्या फाइली दुरुस्त झाल्या होत्या.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. एका वेळी एकच बदल करा. ऑपरेटिंग सिस्टिम वेगळ्या दिवशी, ब्रोकर वेगळ्या दिवशी, ओपनहॅब वेगळ्या दिवशी. ओपनहॅबची स्थिर आवृत्ती वर्षातून दोनदा येते, तिच्या बदलांची टिपणं ग्राहकाच्या आयटम फाइली शेजारी ठेवून वाचा, नुसती वाचून उपयोग नाही. अपग्रेड नेहमी नव्या कार्डावर करा. जुनं कार्ड तारीख लिहून पॅनलमध्येच ठेवा, मागे यायचं तर मशीन बंद करून कार्ड बदलण्याइतकं काम राहतं. अपग्रेडनंतर कॅशे (साठलेल्या तात्पुरत्या फाइली) साफ करा, आणि पहिल्यांदा सुरू होताना मशीनला वेळ द्या, लगेच परत बंद-चालू करू नका. ओपनहॅबियनमध्ये (छोट्या बोर्डांसाठीच्या ओपनहॅबच्या तयार सिस्टिममध्ये) झेडरॅम चालू असेल तर प्लग कधीच ओढू नका, कारण लॉग आणि नोंदी मेमरीत असतात आणि नीट शटडाउन केल्यावरच कार्डावर उतरतात. चाचणी त्या मशीनवर बसून नको, घरात फिरून घ्या. आणि सगळे पासवर्ड ग्राहकाला लिहून द्या. ते लपवून ठेवून ग्राहक टिकतो असं समजणारे पुष्कळ आहेत. आमचे ग्राहक पासवर्ड हातात असूनही आमच्याकडे आहेत.

गृहप्रकल्पातली बरीच घरं एकेक करून आमच्याकडे परत आली. आर्किटेक्टचा फोनही आला, जणू मध्ये काही घडलंच नाही अशा सुरात. काम घेतलं. अडवलेलं देणं मात्र अजून मिळालेलं नाही, आणि मी ते विसरलेलो नाही.

सध्या ओपनहॅब ५ चं काम चालू आहे. जुलै २०२५ मध्ये आलेल्या या आवृत्तीला जावा २१ लागते आणि ३२ बिटचा आधार संपला आहे. म्हणजे जुन्या ३२ बिट कार्डावरून जागच्या जागी जाता येत नाही, नवं ६४ बिट कार्ड बनवून त्यावर बॅकअप उतरवावी लागते. रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डाच्या ३ आणि ४ चे प्रोसेसर ६४ बिटचे आहेत, सुरुवातीच्या पाय २ चा प्रोसेसरच ३२ बिटचा असल्यामुळे तिथं बोर्डही बदलावा लागेल. सरांचं घर झालं. बाकीच्यांना आम्ही क्रमानं फोन करतोय. तोवर पॅनलच्या झाकणाच्या आतली चिठ्ठी पाहून ठेवा: तीवर बोर्डाचं नाव, आवृत्ती आणि कार्ड बदलल्याची तारीख भागीदाराच्या अक्षरात लिहिलेली आहे. फोन आल्यावर तेवढं वाचून दाखवलंत की कोणतं कार्ड घेऊन यायचं ते आम्हाला कळतं.