तुम्ही विचारलंत म्हणून: जास्मिन टीने नक्की होतं काय?

"ताई, तुमच्या त्या सुगंधी चहाने खरंच वजन उतरतं का हो?" भिशीत, बिल्डिंगमध्ये, लग्नाकार्यात, कुठेही गेले तरी कोणीतरी हे विचारतंच, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

वजनाचं आधी सांगून टाकते, चहाने वजन उतरत नाही. जास्मिन टी म्हणजे बहुतेक वेळा ग्रीन टीच, फक्त फुलांचा वास दिलेला, आणि ग्रीन टीने वजन कमी होतं का यावरच्या अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने 2012 साली आढावा घेतला त्यात फरक अगदीच किरकोळ निघाला. मला स्वतःला फायदा झाला तो साखरेमुळे. दिवसाला चार कप आपला दुधाचा चहा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे आठ चमचे, साधारण 32 ग्रॅम साखर नुसत्या चहातून, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसभरात 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर जास्त चांगलं. आता त्यातले दोन कप जास्मिनचे, बिनसाखरेचे. साधा ग्रीन टी मी आधी करून बघितला होता पण तो घशाखाली उतरेना, मोगऱ्याचा वास आला आणि साखरेची आठवणच गेली.

हो, मोगराच! नाव जास्मिन म्हणून आपल्याला जाई-जुई वाटते पण त्या चहात असतो आपला मोगरा, चिनी लोक त्याला मोली म्हणतात आणि ते नाव मोगऱ्याच्या आपल्या संस्कृत नावावरून, मल्लिकेवरूनच तिकडे गेलंय. चीनमध्ये फूचौ शहर या चहासाठी प्रसिद्ध आहे, तिथे वसंतात खुडलेली चहापत्ती उन्हाळ्यापर्यंत ठेवतात, दुपारी मोगऱ्याच्या कळ्या तोडतात, रात्री त्या उमलायला लागल्या की पत्तीत मिसळून ठेवतात, पत्ती वास ओढून घेते, मग फुलं चाळून काढायची, पत्ती सुकवायची आणि पुन्हा ताज्या कळ्या. चांगल्या चहाला असं सहा-सात वेळा करतात. आमची आजी उन्हाळ्यात माठात मोगरा टाकायची, त्या पाण्याने जसं निवायला व्हायचं ना, तसंच मला संध्याकाळी या चहाने होतं. जपानमध्ये 2005 साली याच्यावर एक छोटा प्रयोग झाला होता, लोकांना जास्मिन टीचा अगदी फिका वास दिला, नुसता वास हां, तर हृदयाचे ठोके जरा मंदावले आणि मन शांत झालं. प्रयोग लहानच होता, पण मला तो पटतो. तरी झोपायच्या आधी पिऊ नका, यात कॅफिन असतं, कॉफीपेक्षा कमी असलं तरी असतंच.

आता जे कोणी विचारत नाही ते. मी सुरुवातीला जेवण झालं की लगेच हा चहा घ्यायचे, पचायला बरा म्हणून. वर्षभराने हिमोग्लोबिन कमी निघालं, डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की जेवणावर चहा घेता का. चहातल्या टॅनिनमुळे पालेभाज्या, डाळी, नाचणी यातलं लोह अंगी नीट लागत नाही. माझं हिमोग्लोबिन नुसत्या चहानेच कमी झालं असं मी म्हणणार नाही, पण आता जेवण आणि चहा यात तासाभराचं अंतर ठेवते, आणि तुमच्या घरात कोणाला रक्त कमी असेल किंवा कोणी गरोदर असेल तर प्लीज हे लक्षात ठेवा. आणि ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या मिळतात त्यांच्या नादी तर लागूच नका, जास्त डोसने लिव्हरला त्रास होऊ शकतो, कपातल्या चहाचं तसं नाही.

करताना पाणी खळखळ उकळतं ओतू नका, कडू होतो. उकळी आली की गॅस बंद करून चार-पाच मिनिटं थांबायचं, मग पत्ती टाकून दोन-तीन मिनिटांत गाळायचं.

घरचा मोगरा चालतो का? चालतो, पण कुंडीतला, फवारणी न केलेला. गजऱ्याची विकतची फुलं अजिबात नको. मी संध्याकाळी टपोऱ्या कळ्या काढून कोरड्या ग्रीन टीच्या डब्यात टाकते, सकाळी फुलं वेचून काढते आणि पत्ती कढईत अगदी मंद आचेवर कोरडी करून घेते, नाहीतर ओल राहून बुरशी धरते. एका रात्रीत वास हलकाच येतो, म्हणून मी तीन रात्री करते.