ही बाव ती नाय

मालवणच्या दक्षिणेला, तारकर्लीच्या पुढे, देवबागचा पट्टा आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि मधे वाळूची लांबट जीभ. काही ठिकाणी ती इतकी अरुंद आहे की माडांत उभं राहिलं तर एका कानाने लाटांची गाज आणि दुसऱ्या कानाने खाडीतल्या होडीचं इंजिन ऐकू येतं. जुन्या नकाशांवरून हा किनारा किती सरकला ते मोजायला मी तिथल्या एका वाडीत जात होते. त्यातला सर्वपित्री अमावास्येचा दिवस मला विसरता येत नाही.

इंचाला मैल प्रमाणाची ब्रिटिशकालीन शीट मी आधीच बाजूला ठेवली होती. त्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ६३ मीटर. किनाऱ्याची शाईची रेघच ३० मीटर रुंद पडते. तिच्यावरून एखाद्याचं अंगण, इथल्या भाषेत खळो, गेलं की राहिलं हे सांगणं अप्रामाणिकपणाचं ठरलं असतं. कामाचा होता तो गावनकाशा. इंचाला २० साखळ्या, ३३ फुटांची एक साखळी. यात मिलिमीटरला आठेक मीटर पडतात. त्यावर सर्व्हे नंबर, पायवाटा, देवळाचा चौथरा आणि समुद्राच्या अंगाला एक छोटं वर्तुळ होतं: विहीर.

जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर बसवायचा तर दोन्हींत सापडणाऱ्या, जागच्या न हललेल्या खुणा लागतात. वाळूत अशा खुणा किती मिळणार? खाडीच्या बाजूला हद्दीचे दगड आणि देऊळ मिळालं. समुद्राच्या बाजूला फक्त ती विहीर. वाडीत आजही एक विहीर आहे, साधारण त्याच जागी. मी दोन्ही एकमेकांवर ठेवल्या आणि नकाशा सुरेख बसला. संगणकाने दाखवलेली चूक अगदी किरकोळ होती, त्यामुळे मला शंकाही आली नाही.

त्या दिवशी घराघरांतून पितरांची पानं वाढून झाली होती. पडवीत बसलेल्या ऐंशीच्या पुढच्या आजोबांना मी छापील प्रत दाखवली. त्यांनी ती खाडी खालच्या बाजूला येईल अशी फिरवून घेतली आणि बराच वेळ न बोलता पाहिली. मी त्या वर्तुळावर बोट ठेवून म्हटलं, "आजोबा, ही तुमची विहीर."

"ही बाव ती नाय गो बाय," ते म्हणाले. "ती माझ्या पणज्याची. ती दर्यात गेली. ह्यी माझ्या बापाशीन खणल्यान."

त्यांच्या लहानपणी जुन्या विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं. वाळूखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्र जवळ आला की हा गोड्याचा थर पातळ होतो आणि विहिरीला खारेपणा चढतो. म्हणजे त्या घराने किनारा सरकल्याची नोंद घागरीतल्या पाण्याच्या चवीवरून केली होती. मग वडिलांनी आत, खाडीच्या दिशेने नवी विहीर खणली. मी मात्र पणजोबांच्या विहिरीवर वडिलांची विहीर ठेवून बसले होते.

माझ्या पोटात गोळा आला, कारण चूक किती खोल आहे हे मला लगेच कळलं. समुद्राच्या अंगाला तो एकच बिंदू असल्याने संगणकाने अख्खा पट्टा त्याच्याकडे आवळून घेतला होता. म्हणून तर चूक किरकोळ दिसत होती! जुनी किनारारेषा होती त्यापेक्षा आत ओढली गेली आणि गेलेली जमीन कमी दिसली. तोच आकडा मी माझ्या मसुद्यात लिहिला होता. या माणसांचं नुकसान मी कागदावर कमी करून ठेवलं होतं.

"ती बाव नेमकी कुठे होती?"

"सुकती लागांदे. दाखयतंय."

सुकती म्हणजे ओहोटी. अमावास्येचं उधाण असलं की या किनाऱ्यावर भरती दुपारच्या सुमारास येते आणि पाणी सगळ्यात खाली जातं ते संध्याकाळी. शिवाय पावसाळ्यात वाहून गेलेली वाळू अजून पुळणीवर परतली नव्हती. साडेपाचला आम्ही धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे दगड ओलांडून खाली उतरलो. आजोबा वर, माडाला धरून उभे राहिले आणि काठीने दिशा सांगू लागले. त्यांचा नातू गुडघाभर पाण्यात पुढे गेला, पायांनी चाचपत राहिला आणि एकदम ओरडला. दोन लाटांच्या मधे जांभ्याचे चिरे दिसले, शेवाळाने काळे पडलेले, वळणात मांडलेले. पाव गोलाई तरी शिल्लक होती.

मी तिथे दहा मिनिटं जीपीएस हातात धरून उभी राहिले. अशा यंत्रात तीन-पाच मीटर इकडेतिकडे होतंच, म्हणून पुन्हा पुन्हा नोंदी घेतल्या. लाटा कमरेपर्यंत भिजवत होत्या आणि मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

रात्री त्यांच्याच पडवीत लॅपटॉप उघडून नकाशा नव्याने बसवला. किनाऱ्याची रेघ समुद्राच्या दिशेने सरकली. आधीच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट रुंदीचा पट्टा पाण्यात गेला होता. त्यातल्या एका नंबराचा सातबारा त्यांच्या सुनेने पिशवीतून काढून दाखवला. नावं, क्षेत्र, सगळं कागदावर शाबूत.

आजोबा पडद्याजवळ सरकले. निळ्या पाण्यावरून जाणाऱ्या त्या जुन्या रेघेच्या आत त्यांनी बोट ठेवलं.

"हयसर आमचो खळो," म्हणाले, आणि बोट तसंच राहू दिलं.