पूर सगळीकडेच आला, पण का आला?

इतक्या धर्मांत महापुराची गोष्ट आहे म्हणजे कधीतरी अख्खी पृथ्वी खरंच बुडाली असणार, हे मी इतक्यांदा वाचलंय की आता यावर लिहायलाच हवं असं वाटलं. मला ते पटत नाही. सगळ्या पृथ्वीवर एकदम पाणी चढलं असा भूगर्भशास्त्रात काहीच पुरावा नाही, आणि जुनी माणसं वसली तीच नद्यांच्या काठाने, मग पुराची आठवण जवळजवळ सगळ्यांकडे असणारच ना. पण त्याहून मोठं नुकसान हे होतं की होडी, पक्षी, डोंगर अशी सेम टू सेम लिस्ट जुळवत बसलं की गोष्टीतला खरा जीव निसटतो. पूर का आला, आणि पाणी उतरल्यावर काय झालं, हे प्रत्येकाने वेगळं सांगितलंय.

मनूची गोष्ट आपल्याला माहीत असते ती मत्स्यावतारवाली, सप्तर्षी, बीजं, वासुकीची दोरी वगैरे. पण शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातलं जुनं व्हर्जन एकदा वाचाच, खूप साधं आहे आणि मला तेच जास्त आवडतं. मनू सकाळी हात धूत असतो, हातात एक छोटा मासा येतो आणि म्हणतो मला सांभाळ, मी तुला तारीन. का सांभाळायचं, तर आम्ही लहान असतो तोवर मासाच माशाला गिळतो म्हणून. मनू त्याला आधी मडक्यात ठेवतो, मग खड्ड्यात, मग समुद्रात सोडतो, आणि पूर येतो तेव्हा तोच मासा शिंगाला बांधलेली नाव ओढत उत्तरेच्या डोंगराकडे नेतो. यात कुणी पापी नाही, कुणावर देव चिडलेला नाही, पूर का आला हे सांगितलेलंच नाही! तो मासा म्हणजे अमुक देव असंही इथे म्हटलेलं नाही, महाभारतात तो ब्रह्मदेव होतो आणि विष्णू तर त्याच्याही नंतर. एका दुबळ्या जिवाला वाचवलं आणि त्याने परतफेड केली, बस. आणि शेवटी मनू एकटाच उरतो, पाण्यात तूप, दही वगैरेची आहुती देतो आणि वर्षभराने त्यातून इडा नावाची मुलगी येते, तिच्यामुळे पुढे प्रजा होते.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या भागात, मात्र कारण आहे, आणि ते वाचून मी थक्क झालो होतो. इ.स.पू. १७व्या शतकाच्या आसपासच्या मातीच्या पाट्यांवर अत्राहासिसची कथा आहे, त्यात माणसं फार वाढली आणि त्यांच्या गोंगाटाने एन्लिल देवाला झोप येईना, म्हणून आधी रोगराई, मग दुष्काळ, आणि तेवढ्यानेही भागेना तेव्हा पूर. माणसं बुडाल्यावर नैवेद्य बंद झाला तर देवच उपाशी पडले, आणि पुरातून वाचलेल्या अत्राहासिसने अर्पण केल्यावर माश्या घोंगावतात तसे त्यावर जमले. मग तोडगा काय निघतो, तर यापुढे काही बायकांना मूल होणार नाही आणि काही बाळं लहानपणीच जातील, म्हणजे गर्दी वाढणार नाही. मला वाटतं ही गोष्ट पुराची कमी आणि बाळं का मरतात या प्रश्नाची जास्त आहे.

बायबलची गोष्ट याच घराण्यातली आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. १८७२ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज स्मिथने निनवे या मेसोपोटेमियातल्या जुन्या शहरातून आलेल्या, गिल्गमेश या तिथल्याच महाकाव्याच्या पाटीचं वाचन लंडनमध्ये जाहीर केलं, त्यात कबुतर, पाकोळी, कावळा सोडून पाणी उतरलं का हे बघणं आहे, आणि बायबलमध्ये होडी बांधून वाचणाऱ्या नोहाकडे कावळा आणि कबुतर. हे योगायोगाने होत नाही. पण उत्पत्तीच्या पुस्तकात, म्हणजे नोहाची गोष्ट आहे त्या बायबलच्या पहिल्या पुस्तकात, कारण पार बदललंय, गोंगाटाच्या जागी हिंसा आणि दुष्टपणा आला, आणि शेवटी देव पुन्हा असा पूर न आणायचा करार करतो, इंद्रधनुष्य त्याची खूण.

ग्रीकांकडे पुरातून वाचलेलं जोडपं, ड्युकॅलियन आणि पिऱ्हा, मागे दगड टाकतात आणि त्यांची माणसं होतात, ते बहुतेकांनी ऐकलेलं असतं. चीनची गोष्ट मात्र या लिस्टमध्ये उगाच कोंबतात. तिथे जग बुडत नाही आणि कुणी होडीत बसून पळतही नाही. गुन बांध घालून पाणी अडवायला बघतो, हरतो, मग त्याचा मुलगा यू पाण्याला वाट काढून देतो, वर्षानुवर्षं राबतो, स्वतःच्या दारावरून तीनदा जातो पण आत पाऊल टाकत नाही. पुराला उत्तर म्हणजे काम, हे मला फार मोठं वाटतं.

आणि जे होडीबाहेर राहिले त्यांचं काय, हा प्रश्न फार थोड्या ठिकाणी येतो. अत्राहासिसची माणसं होडीत जेवत असतात आणि त्याला मात्र बसवत नाही, सारखा आत-बाहेर करतो, पित्त ओकतो. नोहा पूर येईपर्यंत आणि ओसरेपर्यंत एक शब्दही बोलत नाही. कुराणात मात्र नूह, म्हणजे नोहाच, आपल्या मुलाला हाक मारतो की आमच्यासोबत चढ, तो म्हणतो मी डोंगरावर जाईन, आणि दोघांच्या मध्ये लाट येते. नंतर नूह देवाला म्हणतो, तो माझ्या घरातला होता, आणि उत्तर येतं की तो तुझ्या घरातला नव्हता. उत्पत्तीमध्ये तिन्ही मुलगे होडीत चढतात, त्यामुळे बापाला हे विचारायची वेळच येत नाही.