तुम्ही विचारलंत म्हणून: प्रोलॉगचा (तर्काच्या नियमांतून उत्तर शोधणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेतला) प्रोग्राम थांबतो हे सिद्ध कसं करायचं?

‘उत्तर तर बरोबर येतंय, मग थांबतो हे वेगळं सिद्ध कशाला करायचं?’ प्रोलॉग शिकणारे हे हमखास विचारतात. पण उत्तर मिळालं म्हणजे शोध संपला, असं नसतं.

परम्यूट घ्या, म्हणजे यादीतल्या घटकांचे सगळे क्रम देणारा प्रोग्राम. यादी रिकामी असेल तर उत्तरही रिकामं. नसेल तर सिलेक्ट या दुसऱ्या नियमाने एक घटक काढायचा आणि उरलेल्या यादीवर पुन्हा परम्यूट. आता या दोन कॉलची (बोलावण्यांची) अदलाबदल करून पाहा. 3 घटकांच्या यादीला सहाही उत्तरं नीट येतात. सातवं मागितलं की प्रोग्राम गेला तो गेलाच. आतल्या परम्यूटला उरलेली यादी आता माहीतच नसते. तो लांब-लांब याद्या बनवत राहतो आणि सिलेक्ट त्या नाकारत राहतं. म्हणून तपासताना क्वेरीच्या (प्रोलॉगला विचारलेल्या प्रश्नाच्या) शेवटी फॉल्स, म्हणजे कायम अपयशी ठरणारी अट, जोडा. सगळा शोध संपेल तेव्हाच प्रॉम्प्ट परत येईल. अर्थात ही चाचणी झाली, सिद्धता नव्हे.

सिद्धतेत आधी क्वेरी कुठल्या प्रकारची ते ठरवा. इथे पहिल्या यादीची लांबी ठरलेली हवी. घटक व्हेरिएबल असले तरी चालतात, शेपूट (पहिला घटक सोडून उरलेली यादी) मोकळं असलेलं चालत नाही. मग प्रत्येक कॉलला एक माप द्या, जे पुढच्या प्रत्येक कॉलला घटलं तर शोध कधीतरी संपणारच: सिलेक्टला यादीची लांबी, परम्यूटला लांबी अधिक 1. परम्यूट तीच यादी सिलेक्टला देतो, त्यामुळे हा 1 नसेल तर माप घटतच नाही. सिलेक्ट पुढे शेपटावर स्वतःला बोलावतं. तिथे माप 1 ने घटतं. राहिला आतला परम्यूट. सिलेक्ट यशस्वी झालं तर उरलेली यादी मूळ यादीपेक्षा बरोबर 1 ने लहान असते, हे इंडक्शनने (गणिती विगमनाने) वेगळं दाखवावं लागतं, आणि नेमकं तेच लोक गाळतात. आप्ट आणि पेड्रेस्की या संगणकशास्त्रज्ञांच्या पद्धतीचं मर्म हेच: प्रोलॉग डावीकडून उजवीकडे जातो, म्हणून डावीकडचे कॉल यशस्वी झाले असं धरूनच पुढच्या कॉलची घट दाखवायची.

आकड्यांत सापळा वेगळा. फॅक्टोरियलच्या दुसऱ्या क्लॉजमध्ये (नियमात) ‘एन 0 पेक्षा मोठा’ ही अट नसेल, तर दुसरं उत्तर मागताच एन -1, -2 असा खाली जात राहतो. पूर्णांकांना तळ नाही. माप 0 च्या खाली जाता कामा नये.

चक्र असलेल्या ग्राफवर (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यावर) साध्या नियमांनी वाट शोधताना मात्र असं घटणारं माप मिळतच नाही. तिथे सिद्धतेशी झटापट करू नका. एसडब्ल्यूआय किंवा एक्सएसबी या प्रोलॉग प्रणालींमधलं टेबलिंग (एकदा काढलेली उत्तरं साठवून पुन्हा वापरणं) लावा.