तुम्ही विचारलंत म्हणून: कंपनी सोडून कॉलेजात का?

प्लेसमेंटचे दिवस आले की एखादे पालक विचारतातच, "मॅडम, तुम्ही एआय शिकवता. इथेच ऐरोलीत मोठ्या कंपन्या आहेत, दुप्पट पगार मिळाला असता. कॉलेजात का राहिलात?" तिथे घाईत काहीतरी बोलून जाते. आज नीट सांगते.

मला ज्या प्रश्नांवर काम करायचंय, त्यांना गिऱ्हाईक नसतं.

मुंबईची 'आरमान' संस्था 'एममित्र' सेवेतून गरोदर बायकांना आणि नव्या आयांना फोनवर रेकॉर्ड केलेले संदेश ऐकवते. बऱ्याच जणी मध्येच ऐकणं सोडतात. प्रत्येकीला स्वतः फोन करून समजावायला माणसं पुरत नाहीत. मग या आठवड्यात फोन करायचा कुणाला? जी तशीही ऐकणारच आहे तिला नको. जिला फोन केल्याने फरक पडेल, तिला. एआयचे संशोधक मिलिंद तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी 'रेस्टलेस बँडिट' हे जुनं गणित वापरलं: हाताशी मोजकीच माणसं असताना दर वेळी कुणाकडे लक्ष द्यायचं, ते ठरवणारं. सुमारे 23,000 बायकांवरच्या चाचणीत गळती साधारण 30 टक्क्यांनी कमी झाली. ते वाचलं आणि माझं ठरलं.

आम्हीही दिघ्यातल्या एका वस्तीसाठी तसंच छोटं मॉडेल केलं. त्यात एक बाई सतत 'ऐकत नाही' म्हणून येत होती. वस्तीतल्या आशा आरोग्यसेविकेबरोबर मी आणि माझा विद्यार्थी तिच्या घरी गेलो. दोन महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन ती उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "फोन ह्यांच्याकडे असतो. ह्यांची रबाळ्याला रातपाळी. सकाळी नऊनंतर करा ना, मी ऐकेन." आमचा फोन रात्री आठला जायचा.

आमच्या तक्त्यात वय, शिक्षण, उत्पन्न सगळं होतं. फोन कुणाकडे असतो, हेच नव्हतं. एममित्रच्या नोंदींत तो रकाना आहे, आम्ही वाचूनही सोडला होता. माझ्या विद्यार्थ्याने तिथेच छापील तक्त्याच्या कडेला पेनाने लिहिलं, 'फोन कुणाकडे?'

अशा फेऱ्या बढतीच्या गुणांत धरत नाहीत, शोधनिबंध धरतात. हे मला चूक वाटतं आणि मी ते दर बैठकीत बोलते. पण त्या दुपारी जे समजलं ते माझ्या लॅबमध्ये बसून समजलं नसतं, आणि तिथे जायला मला कुणाची परवानगी लागली नाही. कंपनीत लागली असती.

आता तिचा फोन सव्वानऊला जातो.